बदललेल्या पत्त्याची कथा

निपाणीच्या बाजारपेठेतील एखादे जुने घर गेल्या पाऊणशे वर्षांत जागचे तसूभरही हललेले नाही. परंतु त्याचा पत्ता मात्र या काळात अनेक वेळा बदलला. १९५० पूर्वी ते घर मुंबई प्रांतात होते. प्रजासत्ताक स्थापन झाले तेव्हा ते मुंबई राज्यात आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात येताच ते म्हैसूर राज्यात गेले आणि १ नोव्हेंबर १९७३ रोजी त्या राज्याचेच नाव कर्नाटक झाले. तालुका चिकोडी होता, तो पुढे निपाणीचाच स्वतंत्र तालुका झाला. जिल्हा तेवढा एकच राहिला. पण १ नोव्हेंबर २०१४ पासून 'बेळगाव' या नावाच्या जागी सरकारी कागदोपत्री 'बेळगावी' असे लिहिण्यात येऊ लागले. शेजारच्या चंदगड तालुक्याची गोष्ट याच्या उलट आहे. तो बेळगाव जिल्ह्यातून निघून १९५६ साली कोल्हापूर जिल्ह्यात गेला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आला.

या बदलांमागचे राजकारण, त्यासाठी झालेली आंदोलने, १९६६ साली नेमला गेलेला महाजन आयोग आणि २००४ साली महाराष्ट्र शासनाने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा, हे सारे इतिहासाचे स्वतंत्र प्रकरण आहे. येथे विचार करावयाचा आहे तो एका लहानशा, परंतु रोजच्या व्यवहारातील प्रश्नाचा. पत्ता बदलल्यानंतर जुन्या पत्त्यावर निघालेला निरोप कोठे जातो? तो योग्य ठिकाणी पोचविण्याची जबाबदारी कोणाची? आणि पोचविणाऱ्याने कोणती पथ्ये पाळावयाची? हा प्रश्न प्रथम टपालखात्यापुढे आला. आणि पुढे संगणकांचे जागतिक जाळे निर्माण झाले तेव्हा तोच प्रश्न नव्या वेषात संगणकशास्त्रज्ञांपुढे येऊन उभा राहिला. हे दोन्ही इतिहास शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर पुष्कळ बोध होण्यासारखा आहे.

हिंदुस्थानात १ ऑक्टोबर १८५४ पासून सर्वत्र एकाच दराचे टपाल सुरू झाले आणि अर्ध्या आण्याच्या तिकिटावर पत्र देशाच्या कोणत्याही कोपऱ्यात जाऊ लागले. तेव्हापासून टपालखात्याला घर बदलणाऱ्या माणसांशी गाठ घालावी लागली. माणूस गाव सोडून गेला असेल आणि त्याने नवा पत्ता टपालकचेरीत कळविला असेल, तर पाकिटावरील जुना पत्ता खोडून त्याजागी नवा लिहावयाचा व पत्र पुढे धाडावयाचे, ही रीत पडली. नवा पत्ता ठाऊक नसेल तर तसा शेरा मारून पत्र पाठविणाऱ्याकडे परत करावयाचे, ही दुसरी रीत. या दोन्ही रीतींत पोस्टमनने पाकीट फोडावयाचे नाही, आतील मजकुरास हात लावावयाचा नाही, आणि नोंदणीकृत पत्र असेल तर ते भलत्याच्या हाती द्यावयाचे नाही, हे नियम गृहीत होते. पत्ता बदलू शकतो. पाकिटातील मजकूर बदलता कामा नये.

पत्ता आणि वाट या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे टपालखात्याने १९७२ साली अधिक स्पष्ट केले. त्या वर्षी १५ ऑगस्ट रोजी सहा आकडी पिनकोड सुरू झाला. ही योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल व तार खात्यातील वरिष्ठ अधिकारी तर होतेच, पण संस्कृत पंडित व कवी म्हणूनही ते विख्यात होते. गावांच्या सारख्या नावांमुळे, निरनिराळ्या लिप्यांमुळे आणि चुकीच्या लेखनामुळे पत्रे भरकटत. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक टपालकचेरीस एक अंक देण्यात आला. बेळगावचा अंक ५९०००१ आणि निपाणीचा ५९१२३७. पाकिटावर 'निपाणी' लिहा की 'निप्पाणी', मराठीत लिहा की कन्नडमध्ये; अंक बरोबर असला म्हणजे थैली बरोबर ठिकाणी उतरते. २०१४ साली जिल्ह्याचे नाव बदलले, तरी हे अंक बदलले नाहीत.

या योजनेचा एक मोठा बोलका नमुना निपाणीच्या वेशीवरच पाहावयास मिळतो. अर्जुननगर येथील देवचंद महाविद्यालय महाराष्ट्रात, कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात आहे आणि ते कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. परंतु त्याच्या पत्त्यात पिनकोड लिहिला जातो तो निपाणीचा. राज्याची सीमा एकीकडे गेली आणि पत्राची वाट दुसरीकडून राहिली. टपालखात्याने नकाशापेक्षा वाटेला मान दिला, म्हणून पत्रे चुकली नाहीत.

तात्पुरत्या मुक्कामाचा प्रश्न मात्र याहून निराळा. मराठा लाईट इन्फन्ट्रीचे प्रशिक्षण केंद्र बेळगावात असल्यामुळे फौजी टपालाची ओळख या भागातील घराघरांना आहे. सैनिकाची तुकडी आज येथे तर उद्या तेथे. दर वेळी घरच्यांना नवा पत्ता कळविणे अशक्य, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने अनिष्टही. म्हणून पत्रावर सैनिकाचे नाव, क्रमांक, तुकडी आणि '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' एवढेच लिहावयाचे. पुढील वाट लष्करी टपालखाते ठरविते. घरच्यांनी आपल्या वहीतील पत्ता बदलावयाचा नसतो. मुक्काम बदलतो, पत्ता तोच राहतो. म्हणजे 'मी कायमचा गेलो, यापुढे नव्या पत्त्यावरच लिहा' आणि 'मी सध्या दुसरीकडे आहे, पण पत्र नेहमीच्याच पत्त्यावर टाकीत जा' हे दोन निरोप दिसावयास सारखे असले तरी अर्थाने अगदी भिन्न आहेत. हा भेद पुढील कथेत फार महत्त्वाचा ठरतो.

१९८९ ते १९९१ या काळात जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी जागतिक संगणकजाळ्याची, म्हणजे वेबची, उभारणी केली. एका संगणकाने दुसऱ्याकडे पान मागावयाचे आणि दुसऱ्याने ते द्यावयाचे, या देवघेवीच्या नियमांना एचटीटीपी असे नाव मिळाले. १९९१ सालचे हे नियम इतके साधे होते की, मागणी एका ओळीची आणि उत्तर म्हणजे केवळ पान. पान दुसरीकडे हलविले असेल, तर तसे सांगण्याची सोयच त्यात नव्हती. परंतु वर्षभरातच ही उणीव जाणवली. १९९२ च्या आराखड्यात उत्तराच्या आरंभी तीन आकडी खूण देण्याची पद्धत आली आणि ३ या आकड्याने सुरू होणाऱ्या खुणा 'दुसरीकडे जा' या अर्थासाठी राखून ठेवण्यात आल्या. या खुणेसोबत नवा पत्ता द्यावयाचा. दारावर कुलूप आणि कुलपाखाली नव्या बिऱ्हाडाची चिठ्ठी, तसाच हा प्रकार. संगणकाच्या व्यवहारात त्यास 'रिडायरेक्ट' म्हणतात.

मे १९९६ मध्ये बर्नर्स-ली, रॉय फील्डिंग आणि हेन्रिक फ्रिस्टिक यांनी हे नियम १९४५ क्रमांकाच्या पत्रकात लेखी मांडले. त्यात ३०१ म्हणजे कायमचे स्थलांतर आणि ३०२ म्हणजे तात्पुरते स्थलांतर, असा स्पष्ट भेद होता. टपालखात्यातील गाव सोडून गेलेला माणूस आणि फौजेतील माणूस यांच्यातील जो भेद, तोच हा. कायमची खूण मिळाली म्हणजे विचारणाऱ्याने आपल्या वहीतील पत्ता दुरुस्त करून ठेवावा. तात्पुरती खूण मिळाली तर पुढील वेळी पुन्हा जुन्याच दारी जावे. म्हणूनच चुकून दिलेली ३०१ ही खूण त्रासदायक ठरते. असंख्य संगणक ती लक्षात ठेवतात, आणि मालकाने चूक सुधारली तरी काही काळ ते जुन्या दाराकडे फिरकतच नाहीत.

येथे एका महत्त्वाच्या घटकाची ओळख करून देणे अवश्य आहे. वाचक आपल्या पडद्यावर पान पाहतो तेव्हा चिठ्ठी वाचून नव्या दारी जाण्याचे काम ब्राउझर करतो. परंतु बँकेचा संगणक जेव्हा दुसऱ्या संगणकाकडे माहिती मागतो, किंवा विद्यापीठाचा संगणक निकालपत्रके जमवितो, तेव्हा मध्ये ब्राउझर नसतो. ते काम तयार सूचनांच्या एका संचाकडे सोपविलेले असते. त्यास 'क्लायंट लायब्ररी' म्हणतात. जुन्या काळच्या हरकाऱ्याप्रमाणे ही लायब्ररी मालकाचा निरोप घेऊन जाते आणि उत्तर घेऊन येते. स्वीडनमधील डॅनिएल स्टेनबर्ग यांनी मार्च १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेले 'कर्ल' व त्यातून निघालेली 'लिबकर्ल', तसेच २०११ साली केनेथ राइट्झ यांनी पायथन भाषेसाठी रचलेली 'रिक्वेस्ट्स', ही यांपैकी सुप्रसिद्ध नावे होत. दारावर चिठ्ठी दिसली तर या हरकाऱ्याने काय करावे, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना गेल्या तीस वर्षांत पुष्कळ ठेचा लागल्या.

पहिला प्रश्न असा की, हरकाऱ्याने न विचारता पुढे जावे काय? यावर जाणत्यांतही एकमत नाही. कर्ल हे मुळात चिठ्ठी पाहून थांबते आणि परत येऊन मालकास सांगते. पुढे जावयाचे असल्यास मालकाने तशी आज्ञा आधीच द्यावी लागते. रिक्वेस्ट्स ही लायब्ररी मात्र बहुतेक प्रसंगी आपण होऊनच पुढे जाते. पहिली सावध, तर दुसरी सोयीची. दोहोंचाही उपयोग आहे; पण आपला हरकारा कोणत्या स्वभावाचा आहे, हे मालकास ठाऊक असले पाहिजे.

दुसरा प्रश्न, किती दारे हिंडावयाचे? तालुका कचेरीने जिल्हा कचेरीकडे पाठवावे आणि जिल्हा कचेरीने पुन्हा तालुक्याकडे, हा अनुभव कोणास नाही? संगणकाच्या जगातही असे घडते. जुने दार म्हणते नव्याकडे जा, नवे दार म्हणते जुन्याकडे जा. माणूस दमतो आणि घरी जातो. यंत्र दमत नाही, ते फेऱ्या घालीतच राहते. म्हणून १९९६ च्या पत्रकाने पाचाहून अधिक वेळा आपोआप पुढे जाऊ नये, असे सांगितले होते. १९९९ च्या पत्रकाने हा ठराविक आकडा काढून टाकला आणि फेऱ्यांचे चक्र ओळखण्याची जबाबदारी हरकाऱ्यावर सोपविली. तेव्हापासून प्रत्येकाने आपापला आकडा ठरविला. कर्ल हे ५० दारांपर्यंत जाते, रिक्वेस्ट्स ३० पर्यंत, ब्राउझरांसाठीचा नियम २० चा, आणि गो या भाषेतील लायब्ररी १० वर थांबते. लिबकर्लला तर मुळात मर्यादाच नव्हती. ती सप्टेंबर २०२३ मध्ये ३० अशी घालण्यात आली.

तिसरा प्रश्न मजकुराचा आहे, आणि सर्वांत अधिक घोटाळा येथेच झाला. एचटीटीपीच्या मागण्या मुख्यत्वे दोन प्रकारच्या असतात. 'गेट' म्हणजे काही मागणे आणि 'पोस्ट' म्हणजे काही सुपूर्द करणे. विद्यार्थ्याने भरलेला प्रवेशअर्ज, शेतकऱ्याने भरलेला पीकविम्याचा तक्ता, हे सारे 'पोस्ट' या रीतीने जाते. असा अर्ज जुन्या दारी पोचला आणि तेथे नव्या दाराची चिठ्ठी असली, तर हरकाऱ्याने अर्जासह नव्या दारी जावयास हवे. परंतु आरंभीच्या ब्राउझरांनी भलतेच केले. ते नव्या दारी गेले खरे, पण अर्ज जुन्याच दारी टाकून, रिकाम्या हाताने! तेथे जाऊन त्यांनी फक्त 'तुमचे पान दाखवा' एवढेच म्हटले. पान दिसले, भरणाऱ्याचे समाधान झाले, आणि अर्ज मात्र कोठेच पोचला नाही. पोस्टमनने पत्र काढून टाकावे आणि नुसते पाकीट नव्या पत्त्यावर द्यावे, तशातली ही गत. हे वर्तन चुकीचे आहे, असे १९९६ च्या पत्रकातच नमूद आहे.

चूक ठाऊक असूनही ती सुधारता आली नाही, कारण तोवर असंख्य संकेतस्थळे याच चुकीवर विसंबून बांधली गेली होती. अर्ज स्वीकारल्यानंतर 'आता हे पान पाहा' असे सांगण्यासाठी ती ३०२ ची खूण वापरीत, आणि तेथे अर्ज पुन्हा न नेणेच इष्ट होते. तेव्हा जुनी वहिवाट मोडण्याऐवजी नवे शब्द घडविण्यात आले. जानेवारी १९९७ च्या पत्रकात ३०३ ही खूण आली. तिचा अर्थ, अर्ज पावला, आता रिकाम्या हाताने तेथे जाऊन पाहा. जून १९९९ मध्ये ३०७ आली. तिचा अर्थ, मुक्काम तात्पुरता हलला आहे, अर्ज जसाच्या तसा घेऊन जा. कायमच्या स्थलांतरासाठी मात्र अशी निःसंदिग्ध खूण नव्हती. ती ३०८ या रूपाने जून २०१४ मध्ये प्रथम प्रयोगादाखल मांडली गेली आणि एप्रिल २०१५ मध्ये तिला प्रमाण स्थान मिळाले. ज्या वर्षी बेळगावचे सरकारी नाव बदलले, त्याच वर्षी 'कायमचे हललो आहोत, पण मजकूर सांडू नका' असे सांगणारी खूण जगाला मिळाली, हा एक योगायोगच. आज चांगल्या लायब्रऱ्या ३०७ व ३०८ पाहताच मजकूर सांभाळून नेतात. ३०१ व ३०२ पाहिल्यावर मात्र बहुतेक लायब्रऱ्या अजूनही सुपूर्द करावयाचा मजकूर सोडून देतात. आपला अर्ज पोचावा अशी इच्छा असणाऱ्या संकेतस्थळाने योग्य खूण निवडली पाहिजे, ती यासाठी.

चौथा प्रश्न विश्वासाचा. पुष्कळदा हरकाऱ्याच्या जवळ मालकाचे ओळखपत्र, म्हणजे संकेतशब्द किंवा परवान्याची खूण, असते. बँकेच्या दारी ती दाखविली तर योग्यच. परंतु बँकेच्या दारावरील चिठ्ठीने भलत्याच घरी पाठविले, तर तेथेही ती दाखवावयाची काय? घराची किल्ली शेजाऱ्याकडे विश्वासाने ठेवावी आणि त्याने ती वाटसरूच्या हाती द्यावी, असे होणार नाही काय? या बाबतीत नामांकित लायब्रऱ्यांतही उणिवा आढळल्या. जानेवारी २०१८ मध्ये लिबकर्लमध्ये असे निदर्शनास आले की, मालकाने स्वतः जोडलेले ओळखीचे शीर्षक ती दुसऱ्या यजमान संगणकाकडेही घेऊन जात होती, ७.५८.० या आवृत्तीत ते थांबविण्यात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात रिक्वेस्ट्सनेही सुधारणा केली. पूर्वी यजमान तोच असला, पण वाट मोहोरबंद एचटीटीपीएसवरून उघड्या एचटीटीपीवर उतरली, तरी ती ओळखपत्र सोबत नेत असे. नवे दार दुसऱ्याचे असेल किंवा वाट उघड्यावरची असेल, तर ओळखपत्र खिशात ठेवावे, हा धडा त्यातून मिळाला.

एक बारीकसा प्रश्न चिठ्ठीच्या भाषेचाही होता. दारावर 'मागच्या आळीत या' असे लिहिले असेल, तर कोणत्या गावची आळी समजावयाची? १९९९ च्या पत्रकाप्रमाणे चिठ्ठीत संपूर्ण पत्ताच लिहावयास हवा होता. परंतु अनेक जण अर्धाच लिहीत, आणि हरकारे तो समजून घेत. जून २०१४ च्या पत्रकाने अर्ध्या पत्त्यास मान्यता दिली. असा पत्ता मात्र ज्या दारी ती चिठ्ठी मिळाली त्या दारापासून मोजावयाचा, जेथून प्रवासास आरंभ झाला तेथून नव्हे. पुढे जून २०२२ मध्ये हे सारे नियम पुन्हा एकत्र करून प्रसिद्ध झाले.

हे सर्व पाहिल्यावर असे दिसते की, हरकाऱ्याच्या शहाणपणाला एक मर्यादा आहे. चिठ्ठीच नसेल तर तो काय करणार? बर्नर्स-ली यांनी १९९८ साली लिहिलेल्या एका टिपणात असा आग्रह धरला होता की, चांगल्या पत्त्याने बदलूच नये. आणि पत्ते मोडतात ते यंत्रामुळे नव्हे, तर माणसांच्या निष्काळजीपणामुळे. सरकारी कचेरी आपले संकेतस्थळ नव्या नावाने उभारते, जुने बंद करते, आणि मागे चिठ्ठी ठेवावयास विसरते. मग जुन्या पुस्तकात, जुन्या अर्जात, जुन्या निकालपत्रात छापलेला पत्ता कोठेच नेत नाही. 'पान सापडले नाही' असे ४०४ या आकड्याचे उत्तर येते, आणि एक कागद जगाच्या दृष्टीने नाहीसा होतो.

सीमाभागातील माणसाला याची झळ अधिक, कारण त्याच्या पेटीतील कागदांवर एकाच गावाचे पत्ते चार प्रकारचे आहेत. आजोबांचा शाळेचा दाखला मुंबई राज्यातला, वडिलांचा म्हैसूर राज्यातला, मुलाचा कर्नाटकातील बेळगावचा आणि नातवाचा बेळगावीचा. चारही खरे आहेत. त्यांतील एकास खरे मानून इतरांस खोटे ठरविणारा कारभार, मग तो कारकुनाचा असो की संगणकाचा, लोकांना उगाच हेलपाटे घालावयास लावतो. नीट चाललेल्या व्यवस्थेचे उदाहरणही बेळगावातच आहे. रेल्वेस्थानकाच्या पाटीवर नवे नाव आले, पण आरक्षणाच्या व्यवस्थेत त्या स्थानकाची 'बीजीएम' ही खूण पूर्वीचीच राहिली. त्यामुळे प्रवाशाची गाडी चुकली नाही. १९९८ पासून विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावात आहे. उद्या संकेतस्थळे आणि त्यांचे हरकारे घडविणारे तरुण अशाच विद्यापीठांतून बाहेर पडावयाचे आहेत. नव्या नावाची पाटी लावणे सोपे असते. जुन्या नावाने हाक मारणारा माणूस दारी आला असता त्याला ओळखणे, त्याच्या हातातील अर्ज न सांडता त्याला योग्य दारापर्यंत नेणे, आणि त्याची किल्ली परक्याच्या हाती न देणे, हे काम त्यांना शिकावे लागेल.

राज्ये बदलतात, नावे बदलतात, संकेतस्थळांची तर दर काही वर्षांनी रंगरंगोटी होते. ते थांबविणे कोणाच्या हाती नाही. परंतु जागा सोडून जाणाऱ्याने मागे एक ओळ लिहून ठेवणे त्याच्या हाती असते. ती ओळ नसेल, तर दूरवरून निघालेले पत्र बंद दारासमोर पडून राहते, आणि ते कोणासाठी होते हे कोणास कधीच कळत नाही.